सगळं शुगरच्या नावावर

मला मधुमेह निघाला तेव्हा मी ४३ वर्षांची होते. तेव्हापासून दर वर्षी पावलांना ती नायलॉनची बारीक तार टेकवून ‘कळतंय का?’ विचारतात, डोळ्यांत थेंब घालून मागचा पडदा बघतात, लघवीतून प्रथिनं जातात का ते तपासतात. क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, ईसीजी तर ठरलेलेच. झोप कशी लागते, हे मात्र इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तरी मी ‘छान लागते’ असंच सांगितलं असतं. पाठ टेकायचा अवकाश, डोळा लागायचा. अशा झोपेला वाईट कोण म्हणेल?

मी नाशिकला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं अंगात त्राण नसायचं. सकाळी उठल्यावर कपाळ जड, तोंडाला कोरड, आणि पहिला तास होईपर्यंत कोणाशी धड बोलावंसंही वाटत नसे. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं ठरलेलं. या सगळ्याला घरात आणि स्टाफरूममध्ये एकच उत्तर होतं: शुगर. शुगर नसेल तर पाळी गेल्यामुळे, तेही नसेल तर वय. एकदा सराव परीक्षेचे पेपर तपासताना एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघ तिरकी घसरत पार पानाच्या कडेपर्यंत गेलेली दिसली. बरोबरची खूण करता करता मला झोप लागली होती आणि हात तसाच खाली सरकला होता. त्या पानावर मी समासात लिहून दिलं, ‘ही रेघ चुकून आली आहे. गुण कापलेले नाहीत.’

आमचे जुने डॉक्टर वयोमानाने थांबले आणि त्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई बसू लागल्या. त्यांनी माझी फाइल मागून पुढे वाचली, म्हणजे आधी ताजे रिपोर्ट, मग जुने. शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ८.१ टक्के, शुगरच्या तीन गोळ्या चालू, बीपीच्या दोन, तरी बीपी १४५च्या खाली यायला तयार नाही. वजन ७४ किलो, उंची १५२ सेंटीमीटर.

“काकू, रात्री लघवीला किती वेळा उठता?”

“तीनदा, कधी चारदा. शुगर आहे ना.”

“तुमची उपाशीपोटी शुगर दीडशे-एकशेसाठ असते. लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर निघत नाही. मग शुगरमुळे लघवी कशी होईल?”

मी विज्ञानाची शिक्षिका, आणि हे मला शिकवायला लागावं! रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली तरच मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेणं जमत नाही. मग ती लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. जेवणानंतर काहीही असो, रात्री-पहाटे माझा आकडा तिथपर्यंत जात नव्हता. म्हणजे रात्रीच्या त्या फेऱ्या कोणा दुसऱ्याच्याच होत्या, आणि मी त्या शुगरच्या नावावर मांडत होते.

त्यांना शंका होती स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याची. त्यांनी एक छापील कागद पुढे ओढला. त्याला ‘स्टॉप-बँग’ म्हणतात. २००८ साली टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली केली ती ऑपरेशनच्या आधी रुग्णाला विचारण्यासाठी, कारण झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला भूल देणं जोखमीचं असतं. प्रश्न आठच. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, बीपी आहे का, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५च्या वर आहे का, वय ५०च्या वर आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर आहे का, आणि तुम्ही पुरुष आहात का. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. दोनपर्यंत धोका कमी, तीन-चारला मध्यम, पाच आणि पुढे जास्त.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढून माझा गळा मोजला. ३८ भरला, म्हणजे शून्य. बीएमआय ३२, पुन्हा शून्य. बाई असल्याचं आणखी एक शून्य. घोरण्यावर मी ‘थोडंफार असेल’ म्हणून वेळ मारून नेली, तर त्यांनी बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांना आत बोलावलं.

“काका, काकू घोरतात का?”

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. “घोरते. म्हणजे, ऐकू येतं बाहेरच्या खोलीपर्यंत.”

“मध्येच श्वास थांबल्यासारखं वाटतं?”

“थांबते ना. एकदम गप्प होते. तेवढ्यातच मी झोपून घेतो.”

डॉक्टर हसल्या आणि हसता हसताच त्यांनी तिसऱ्या चौकटीत खूण केली. थकवा, बीपी, वय यांचे तीन गुण आधीच झाले होते. ह्यांच्या दोन वाक्यांनी घोरण्याचा चौथा आणि श्वासाचा पाचवा पडला. ह्यांना त्या दिवशी सोबत यायचा कंटाळा आला असता तर मी मध्यमच्याही काठावरच राहिले असते, हे मला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

त्याच बैठकीत दुसरा कागदही भरला. तो मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधला, मरे जॉन्स यांनी १९९१ साली केलेला. आठ प्रसंग देतात आणि त्या वेळी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी मांडायला सांगतात: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसलेलं असताना, दुपारी आडवं पडल्यावर, गाडी सिग्नलला थांबलेली असताना. मला दुपारी आडवं पडायला मिळतं कुठे? गाडी म्हणजे माझी स्कूटी, तिच्यावर झोप लागली तर संपलंच. प्रामाणिकपणे बेरीज केली तर नऊ आली. दहाच्या पुढे गेली तर जास्त समजतात. म्हणजे या कागदाप्रमाणे मी ठणठणीत. डॉक्टर म्हणाल्या, “बायका झोप येते म्हणत नाहीत, थकवा येतो म्हणतात. म्हणून हा कागद बायकांना पकडण्यात कच्चा पडतो.”

शेवटी मला ‘आ’ करायला सांगून टॉर्चने घसा पाहिला. जीभ बाहेर काढल्यावर मागची पडजीभ किती दिसते त्यावरून चार वर्ग करतात. आपल्याकडून अमेरिकेत गेलेल्या मल्लमपाटी नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९८५ साली मांडलेली पद्धत आहे ही; तेव्हा वर्ग तीनच होते, चौथा नंतर जोडला गेला. माझा वर्ग तिसरा. पडजिभेचं नुसतं मूळ दिसत होतं.

इथे थोडं अवांतर. पुरुषाच्या घोरण्यावर आपल्याकडे चारचौघांत हसतात, बायको कौतुकानेच तक्रार करते. बाईच्या घोरण्यावर कोणी हसतही नाही, ते झाकायचंच असतं. लग्नघरी हॉलमध्ये ओळीने गाद्या पडल्या की मी सगळ्या झोपल्याची खात्री करून मग भिंतीकडेला पडायची, तीही कुशीवर. आमच्या घरातही ‘हिला जरा सर्दी आहे’ असंच सांगायची पद्धत होती. डॉक्टरांसमोर नवऱ्याने खरं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा राग आला होता, हेही लिहून टाकते.

आणि डॉक्टरही बरीच वर्षं बायकांकडे बघत नव्हते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नोकरदार माणसांची रात्रभर तपासणी केली, तिचे आकडे १९९३ साली आले: ३० ते ६० वयात २४ टक्के पुरुषांचा आणि ९ टक्के बायकांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा जास्त वेळा अडत होता. त्याआधी झोपेच्या दवाखान्यांत एका बाईमागे सात-आठ पुरुष दिसायचे, म्हणून हा पुरुषांचाच आजार ठरून गेला होता. आपल्याकडचा या विषयातला गाजलेला अभ्यास मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांचा, २००४ सालचा. ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकर पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांमध्ये झोपेत श्वासाचा बिघाड सापडला. अभ्यास मोलाचा आहे, पण त्यात फक्त पुरुषच होते. पाळी गेल्यानंतर बायका या बाबतीत पुरुषांच्या जवळ येऊ लागतात. माझ्या वयाच्या मधुमेही शिक्षिका कुठल्याही स्टाफरूममध्ये भरपूर सापडतील.

बीएमआयच्या ३५ या आकड्याबद्दलही मी डॉक्टरांशी वाद घातला. आपल्याकडे २५च्या वर गेलं की स्थूल म्हणतात, मग या कागदावर ३५ कसं? त्यांनी मला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आलेला. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. “हा कागद कॅनडात बसवलेला आहे काकू. आपल्या माणसाला तो लावताना आकड्याला धरून बसायचं नाही,” त्या म्हणाल्या.

पहिली तपासणी घरीच झाली. एक माणूस संध्याकाळी येऊन छोटी पेटी देऊन गेला: छातीभोवती पट्टा, नाकात ऑक्सिजनला लावतात तशी नळी, बोटाला चिमटा. कसं लावायचं ते दाखवलं आणि सकाळी येतो म्हणाला. नळी गालावर टोचत होती, चिमट्याचा लाल दिवा डोळ्यांवर येत होता. मला दोन वाजेपर्यंत झोप आली नाही. रिपोर्टमध्ये आकडा आला ११. तासाला श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा बराच उथळ झाला, त्याचा हा आकडा. पाचपर्यंत ठीक, पाच ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. थांबला म्हणजे निदान दहा सेकंद तरी थांबला पाहिजे.

मी खूश झाले. सौम्यच आहे, वजन कमी करू, संपला विषय. डॉक्टर मात्र खूश नव्हत्या. घरच्या पेटीत मेंदूच्या लहरी मोजायची सोय नसते, त्यामुळे माणूस जागा आहे की झोपलाय हे तिला कळत नाही. ती मशीन चालू असल्याचे सगळे तास धरते. मी चार तास टक्क जागी होते, तेही छेदात गेले. छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो, हे तर सहावीच्या मुलालाही येतं. शिवाय ऑक्सिजन फारसा न उतरता नुसती झोपमोड होते, तीही या पेटीला दिसत नाही. जाडसर, चाळिशीच्या, दणक्यात घोरणाऱ्या पुरुषाला घरची तपासणी पुरते. अर्धवट झोपणाऱ्या बाईला कमी सापडलं तर त्यावर विसंबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हॉस्पिटलात एक रात्र.

फोनवर सूचना मिळाल्या. दुपारनंतर चहा-कॉफी नको. केस धुऊन या, तेल लावू नका. नेलपॉलिश काढून या, मेंदी असेल तर सांगा. रोजच्या गोळ्या, ग्लुकोमीटर आणि खायला काहीतरी जवळ ठेवा, कारण रात्री शुगर उतरली तरी झोप मोडते आणि मग रिपोर्टचा घोळ होतो. जेवून या. स्वतःची उशी आणली तरी चालेल. मी उशी आणि पांघरायला गोधडी दोन्ही नेलं.

तिथे एक सिस्टर आणि एक तरुण टेक्निशियन. छातीचं सगळं काम सिस्टरने केलं, ते मी आधीच विचारून घेतलं होतं. कोणाला संकोच वाटत असेल तर विचारून घ्यावं, नाही म्हणत नाहीत. टेक्निशियनने डोकं फुटपट्टीसारख्या टेपने मोजून रंगीत पेन्सिलीने खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर कापसाने खरखरीत जेल घासायचं, मग पांढऱ्या चिकट पेस्टचा गोळा, त्यात वाटीच्या आकाराचं चिमुकलं धातूचं टोक, वर चिकटपट्टी. डोक्यावर झालं, मग डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर, दोन्ही पोटऱ्यांवर, छातीवर ईसीजीचे. छातीला एक पट्टा, पोटाला एक. नाकात एक नळी आणि तिच्यावर आणखी एक तार. गळ्यावर घोरण्याचा आवाज टिपणारी बारकी चकती. मंगळसूत्र पट्ट्याखाली टोचायला लागलं तेव्हा ते काढून पर्समध्ये ठेवलं. सगळ्या तारा एका डबीत जाऊन बसतात आणि बाथरूमला जायचं तर ती डबी सोडवून गळ्यात अडकवून जायचं. मला ते करावं लागणार याची मला खात्रीच होती.

दिवा मालवला. छतावर अंधारात दिसणारा कॅमेरा. शेजारच्या खोलीतून स्पीकरवर त्या मुलाचा आवाज आला.

“मॅडम, सगळं बरोबर लागलंय का बघतो हं. डोळे उघडे ठेवा. आता मिटा. मान न हलवता डावीकडे बघा. उजवीकडे. दात आवळा. डावा पाय वाकवा. आता जरा घोरल्यासारखा आवाज काढा.”

जन्मभर जो आवाज लपवला तो एक अनोळखी मुलगा माझ्याकडून मागून घेत होता. मी हलकेच काढला.

“थोडा मोठा काढा मॅडम, आला नाही.”

मग काढला चांगला.

मला वाटलं होतं इतक्या तारांमध्ये झोप येणार नाही, पण आली. दोनदा उठले, दोन्ही वेळा सिस्टर येऊन डबी सोडवून गेली. सकाळी साडेपाचला उठवलं. केसांतली पेस्ट गरम पाण्याने आणि शाम्पूने दोनदा धुतल्यावर निघाली. त्याच सकाळी शाळेत पहिला तास घेतला, काही अडचण आली नाही.

रिपोर्टचा आकडा २७. झोप सहा तासांची धरली तरी रात्रीत दीडशेहून जास्त वेळा श्वास अडला होता. सगळ्यात लांब थांबा ६१ सेकंदांचा. ऑक्सिजन एकदा ७४पर्यंत उतरलेला. कोविडमध्ये ९४च्या खाली गेलं की आपण अँब्युलन्स शोधत होतो. पण डॉक्टरांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच ओळीवर. स्वप्नं पडतात त्या झोपेत, जिला रेम म्हणतात, माझा आकडा ५८ होता. बाकीच्या झोपेत तो विशीच्याही आत होता. रेममध्ये मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, घशाचेही सैल पडतात आणि जीभ मागे पडून वाट बंद होते. ही झोप पहाटेकडे जास्त असते. आलेखात ऑक्सिजनची रेघ तीन वाजेपर्यंत जवळपास सरळ आणि चारपासून करवतीच्या दातांसारखी. माझी सकाळची डोकेदुखी आणि उपाशीपोटीची चढी शुगर याच तासांनंतर उगवायची. बायकांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो, असं त्या म्हणाल्या. घरच्या तपासणीच्या रात्री मी उशिरा झोपले आणि पाचलाच उठले, म्हणजे नेमका हाच भाग कापला गेला होता.

रात्रीच्या फेऱ्यांचा हिशेबही तिथेच लागला. घसा बंद असताना छाती हवा ओढायचा जोर करते, आत दाब उणा होतो, हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगतं. मूत्रपिंड आज्ञाधारक. शुगरचं गणित असं: प्रत्येक थांब्याला मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, आपल्याला पत्ताही लागत नाही, ॲड्रेनलिन सुटतं, यकृत साखर मोकळी करतं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. बीपीही यातच चढं राहतं. झोप पुरी न झाल्याने भूक वाढते, त्याने वजन, आणि वजनाने पुन्हा घसा चिंचोळा.

हे सगळं कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००८ सालीच सांगितलं होतं की टाइप २ मधुमेह असलेल्यांना झोपेतल्या श्वासाबद्दल विचारा, आणि झोपेत श्वास अडणाऱ्यांची शुगर तपासा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ३०६ स्थूल मधुमेहींच्या तपासणीचे आकडे आले: ८६ टक्क्यांहून जास्त जणांत कमी-अधिक प्रमाणात हा त्रास निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांना आधी काही कल्पना नव्हती. भारतात २०२३च्या आयसीएमआरच्या अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटींवर सांगितली. सगळ्यांना एक रात्र हॉस्पिटलात झोपवणं शक्य नाही, मान्य. पण दोन प्रश्न विचारायला आणि शेजारी झोपणाऱ्याला एकदा आत बोलवायला काय लागतं? पायाला तार टेकवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

पैशांचं सांगते. इन्शुरन्स कंपनीने तपासणीचा दावा नाकारला. निव्वळ तपासणीसाठी दाखल झाल्यास खर्च मिळत नाही, असं कलम पॉलिसीत असतं. ते आधी वाचून घ्यावं म्हणजे मनस्ताप वाचतो.

उपाय म्हणजे सीपॅपचं मशीन. ते औषध देत नाही, ऑक्सिजनही देत नाही. नुसती खोलीतली हवा थोड्या दाबाने नाकात सोडतं, त्या दाबाने घसा उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पहिल्यांदा हे करून दाखवलं. मी आधी भाड्याने आणलं, दाब आपोआप कमी-जास्त करणारं. पूर्ण चेहऱ्याचा मास्क मला गुदमरवायचा. नाकापुरता घेतला तर डाव्या बाजूने हवा फुसफुस निसटायची. दुकानातला माणूस पट्टे आवळत राहिला, आणि दोष निघाला माझ्या चमकीचा. आता रात्री चमकी काढून ठेवते. मिशीवाल्यांनाही असाच त्रास होतो, असं तो म्हणाला. पाण्याच्या डब्यात डिस्टिल्ड पाणीच घालायचं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालतं, फक्त पाणी गरम करणारा भाग बंद ठेवायचा, तो वीज जास्त खातो.

सुरुवातीला मी झोपेतच मास्क काढून टाकायची आणि सकाळी तो उशीखाली सापडायचा. रोज संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणी अर्धा तास लावून बसले, तेव्हा कुठे अंगवळणी पडलं. रात्रीला निदान चार तास लागला पाहिजे अशी डॉक्टरांची पहिली अट होती. माझा श्वास जास्त करून पहाटेच अडत असल्यामुळे मला मात्र शेवटपर्यंत लावायला सांगितलं.

सगळ्यात आधी थांबल्या त्या रात्रीच्या फेऱ्या. आता एकदा उठते, कधी तेही नाही. सकाळची डोकेदुखी गेली. शुगरचं म्हणाल तर सरासरी ८.१ची ७.६ झाली, पण त्याच काळात मी संध्याकाळचं चालणंही सुरू केलं होतं, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हे डॉक्टरही ठरवत नाहीत. सीपॅपने शुगर किती उतरते याबाबत अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. बीपीची एकही गोळी सुटली नाही; आकडा मात्र आता १३५च्या आसपास असतो.

वजनाबद्दल त्यांनी विस्कॉन्सिनचाच पुढचा हिशेब सांगितला: वजन १० टक्के घटलं तर श्वास अडण्याचा आकडा सरासरी २६ टक्के घटतो, आणि तेवढंच वाढलं तर ३२ टक्के वाढतो. नव्या इंजेक्शनचाही विषय निघाला. टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये स्थूल माणसांच्या मध्यम आणि तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे ते मार्च २०२५मध्ये आलं, शुगर आणि वजन यांसाठी. महिन्याची किंमत ऐकून मी आधी चालून बघते म्हटलं. सात किलो उतरले की पुन्हा एक रात्र तारांमध्ये झोपायचं ठरलं आहे.

आता माझी ताई. मालेगावला असते, ६३ वर्षांची, शुगर माझ्याहून जुनी, अंगाने काटकुळी. मी तिला फोनवर तेच आठ प्रश्न विचारले.

“घोरतेस का गं?”

“मला काय माहीत? मी झोपलेली असते.”

“श्वास थांबलेला कोणी पाहिलाय?”

“कोण बघणार? तुझे भाऊजी गेल्यापासून मी एकटीच असते ना खोलीत.”

दोन्ही चौकटी रिकाम्या. थकवा, बीपी, वय मिळून तीन गुण. रात्री उठते चारदा, आणि तिचे डॉक्टर दर वेळी शुगरची गोळी वाढवतात. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ज्याच्या शेजारी कोणी झोपत नाही त्याची रिकामी चौकट शून्य धरायची नाही. त्यांनी रात्रभर बोटाला लावून ठेवायचं, आकडे साठवणारं ऑक्सिमीटर दिलं. त्यात उतार-चढ दिसले तर पुढची तपासणी करायची; दिसले नाहीत तर मात्र काही नाही असं समजायचं नाही, नाकाची नळी असलेली तपासणी तरीही करायची. भाच्याने परवा ते तिच्या बोटाला लावलं. रिपोर्ट बुधवारी मिळणार आहे.